तांदळातलं नाव

दुपारची जेवणं उरकली आहेत. इंदुमतीबाई शेडगे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसल्या आहेत. मांडीवर पितळी परात, परातीत रात्रीच्या भाताचे तांदूळ. एक खडा सापडतो, बाजूला जातो. दुसरा सापडतो, तो बोटातच राहतो. डोळे मिटत नाहीत, पण उघडेही राहत नाहीत.

डोक्यात मुलाचं, धनंजयचं, सकाळचं बोलणं फिरतंय. "आई, शर्मिलाच्या नावाची मुदत आज संपतेय. ते नेटवरचं नाव, तिच्या साइटचं. पुढं चालू ठेवायचं तर आजच करावं लागेल. सुटलं की कुणीही उचलेल." आणि मग चपला घालता घालता, आईकडं न बघता, "तुलाच ते नाव खटकायचं. तू म्हणशील तसं. संध्याकाळी सांग."

सून जाऊन आठ महिने झाले. गावोगावच्या बायांना ती फोनवरून ब्लाऊज बेतायला शिकवायची. त्यासाठी नेटवर नाव घेतलं तेही शर्मिला खबाले, माहेरचं. शेडग्यांच्या घरात राहून!

"आत्या, पाय आवरा. मला आत यायचंय."

कऱ्हाडकडं सुना सासूला आत्याच म्हणतात. शर्मिला दारात उभी आहे, गळ्यात मापाची टेप, ओठांत दोन टाचण्या.

"टाचण्या काढ आधी तोंडातल्या. जेवलीस का?" इंदुमतीबाई विचारतात. गेलेल्या माणसाला हे विचारू नये, ते त्यांना कळतं. पण सवयच तशी.

"जेवले. चला, जरा मशीन धरू लागा."

उंबऱ्याखाली आता बाजारपेठेतला ओटा आहे. शिलाई मशीनची एक बाजू इंदुमतीबाईंच्या हातात आलीय आणि तिला कापसाएवढंही वजन नाही. ओट्याचा मालक हात झटकत येतो. त्याला चेहराच नाही, नुसता सदरा. "उठा, उठा. ओटा बंद झाला."

"असंच झालं होतं," शर्मिला म्हणते. "नेटवर दुसऱ्याच्या पानावर दीडशे धडे टाकले होते. एका सकाळी पानच बंद. ना चिठ्ठी, ना चपाटी."

"आठवतंय. एकच दिवस रडलीस. संध्याकाळी तोंड धुतलंस नि म्हणालीस, आता कुणाच्या ओट्यावर बसणार नाही, माझ्या नावाचं दार करणार. मी असते तर महिनाभर शिव्या घातल्या असत्या."

"घातल्यातच की, माझ्या वाटच्या."

"घातल्या. कुणीतरी घालायला नकोत?"

ओटा संपतच नाही. त्याच्या कडेनं दारं लागतात, एकाला लागून एक, नजर पोचेल तिथवर. प्रत्येक दारावर नावाची पाटी. एका दाराशी शर्मिला थांबते. आत बायाच बाया. कुणी बेळगावची, कुणी भंडाऱ्याची, एक तर दुबईची. सगळ्यांच्या हातात कात्री. एक विचारते, "ताई, बाहीचा मुंढा किती खोल घेऊ?" शर्मिला दोन बोटं दाखवते. कात्री फिरते, बाही बेतून खाली येते.

इंदुमतीबाई बघत राहतात. एक वीट न लावता पोरीनं एवढं घर उभं केलं. शेडग्यांच्या तीन पिढ्यांना अंगणाची भिंत सरळ घालता आली नाही.

पण पाटी एकाच खिळ्यावर लोंबकळतेय. खाली एक माणूस दुसरी पाटी काखेत धरून उभा आहे, घड्याळ बघत.

"ए, मालकीण इथं उभी आहे," इंदुमतीबाई खेकसतात.

"मुदत संपली की मालक मी."

"ब्लाऊज बेतता येतो का रे तुला? मग दारात कशाला उभा?"

शर्मिला हसते. इंदुमतीबाईंना हसू येत नाही. "शर्मे," त्या म्हणतात, "माहेरचं नाव मिरवायचं तर माहेरीच जा, असं बोलले होते मी."

"जाणार होते. पण तुमच्या ब्लाऊजला हुक कुणी लावले असते?"

आता सनई वाजतेय. मांडव आहे, आणि इंदुमतीबाई पंधरा वर्षांच्या आहेत. पुढ्यात हीच परात. नवरा अंगठीनं तांदळात काहीतरी लिहितोय, लोक टाळ्या वाजवतात.

"मला वाचता येत नव्हतं गं," त्या शर्मिलाला सांगतात. ती करवलीच्या जागी बसलीय. "माझं नाव बदललं, ते गावाला आधी कळलं. मी शेजारणीला विचारलं, काय लिहिलंय? ती म्हणाली, इंदुमती. मी म्हटलं, ही कोण?"

"त्याआधी तुम्ही कोण होता, आत्या?"

साठ वर्षांत हे कुणी विचारलेलं नाही. "ठकू."

"लिहा की मग."

"येतंय कुठं? सहीपुरती अक्षरं तू घोटून घेतलीस, त्यात ठ नाही, कू नाही."

शर्मिला त्यांचं बोट धरते. बोट गार आहे, पण पकड तीच, सुईत दोरा ओवतानाची. "भाकरी काढा गोल. वर उलथनं उभं करा. झाला ठ. आता कू, मी नेते तसं बोट येऊ द्या."

फाटक वाजतं.

इंदुमतीबाई दचकून बघतात. ऊन अंगणापलीकडं गेलंय. हातातला खडा मुठीत रुतलाय. उजव्या हाताची तर्जनी पेरापर्यंत पिठूळ पांढरी. आणि परातीत, तांदूळ बाजूला सारून, पितळेच्या तळापर्यंत ओढलेली दोन अक्षरं. पहिलं गोल, वर दांडी.

धनंजय चपला काढतो. परातीकडं त्याचं लक्ष नाही. "काय ठरवलंस, आई?"

"चालू ठेव. आत्ता, माझ्यासमोर."

तो फोन काढतो. "नाव शेडगे करून मिळतंय का बघू?"

"खबाले आहे, खबालेच राहील. हात लावशील तर बघ."

तो खाली मान घालून बोटं चालवतो. बऱ्याच वेळानं म्हणतो, "झालं." मग पाणी पितो आणि विचारतो, "भात टाकलास का?"

इंदुमतीबाई परात दोन्ही हातांनी सावरून उचलतात, एक दाणा हलू न देता, आणि फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवतात.

"आज भाकरी खा."