अण्णांची टकटक

विणून झालेल्या वेताच्या खुर्चीतून सकाळचं ऊन खाली उतरलं, की व्हरांड्याच्या फरशीवर उजेडाची बारीक जाळी पडते. आज ती बघता बघता माझा चहा गार झाला.

माझ्या वडिलांना, अण्णांना, अर्धांगवायू झाला तेव्हा मी नोकरी सोडली आणि घरीच खुर्च्या विणायला घेतल्या. मी विणते, शेजारी ते उन्हाला बसतात. प्रत्येक नव्या खुर्चीवर पहिल्यांदा अण्णांना बसवते. त्यांचा सगळा भार एकाच अंगावर जातो, त्यामुळे वीण सैल असली की लगेच कळतं. मग मी तेवढी उसवते. पक्की असली, की ते धडधाकट हाताने खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करतात.

काल एक हॉटेलवाले आले होते.

"ताई, साठ खुर्च्या आहेत. चार बायका हाताखाली घ्या, महिन्यात उरकेल."

"मी एकटीच विणते. आठवड्याला तीन देईन."

"एवढ्याशा धंद्यात काय राम आहे?"

पूर्वी मी ओशाळले असते. काल मात्र मान ताठ राहिली. या धंद्याचं माप मीच घेतलंय, या व्हरांड्याएवढं आणि अण्णांच्या औषधांच्या वेळा सांभाळून. तो मला कुठे काचत नाही.

"आठवड्याला तीनच," मी पुन्हा म्हटलं.

शेजारून टकटक ऐकू आली, दोनदा. अण्णा तेव्हा आपल्या जुन्याच खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडे बघत होते.