दहा कट्टे, सहा तोट्या

ती फिर्याद आजही आठवते आणि आठवली की आजही डोकं फिरतं. तीस वर्षांच्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, पण एका पितळी तोटीने मला जेवढं हैराण केलं तेवढं कुणी केलं नाही. नावं घेत नाही, गावाचंही घेत नाही. परभणी जिल्ह्यातलं रेल्वेलाइनवरचं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे. मी तिथे फौजदार होतो.

मोठा दुष्काळ होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नगरपालिकेने नळयोजना घेतली आणि तिला सुधारणांचा नुसता झपाटा चढला. कचेरीसमोर काळा फळा उभा केला. त्यावर दर सोमवारी खडूने लिहायचे, अमुक गल्लीत दिवे पूर्ण, तमुक गल्लीत नाली पूर्ण, सार्वजनिक नळ पूर्ण. तेच टांग्यावर भोंगा बांधून गावभर ओरडत फिरायचे. "नागरिकांना कळविण्यात येते की" हे शब्द कानावर पडले की आमचे जमादार कपाळाला हात लावायचे, कारण प्रत्येक सुधारणेचं उद्घाटन असायचं आणि प्रत्येक उद्घाटनाला बंदोबस्त आमचा.

एका सकाळी नगरपालिकेचे मुख्याधिकारी स्वतः ठाण्यात आले. नवीन आलेले, कामसू गृहस्थ. सोबत पाणीपुरवठ्याचा ओव्हरसियर. बौद्ध वस्तीतल्या सार्वजनिक नळाची तोटी चोरीला गेली, अशी फिर्याद. फेरफटक्यात साहेबांच्या लक्षात आलं होतं. ते तावातावाने बोलत होते आणि ओव्हरसियर खिडकीबाहेर बघत होता. हे मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही.

गुन्हा नोंदवला, पंच घेतले, जागेवर गेलो. वस्तीतल्या लोकांनी नळाचा कट्टा स्वतः निळ्या रंगाने रंगवला होता. हौसेने लावलेला रंग, ओघळ खालपर्यंत आलेले. तोटी गायब. पण पाइपाच्या तोंडात लाकडी गुट्टा ताग गुंडाळून असा पक्का बसवलेला, की थेंब गळत नव्हता.

जमादार वाकून बघून म्हणाले, "साहेब, लय सज्जन चोर दिसायलाय. तोटी नेली, पण पाणी वाया जाऊ दिलं न्हाई."

मी हसलो आणि पंचनाम्यात लिहून घेतलं, 'पाइपास लाकडी गुट्टा ठोकलेला आहे.' पितळ विकणारा चोर हातोडीने तोटी मोडून नेतो, तो ताग गुंडाळत बसत नाही. एवढी साधी गोष्ट समोर असून मी ती फक्त लिहिली. तिचा विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी खबर आली. वस्तीसमोरच्या पानवाल्याने सांगितलं, "सकाळची पूर्ण्याची गाडी गेली तवा मी दुकान उघडायलो होतो. त्यांच्यातलाच तो नळावरचा कामगार पाना घेऊन कट्ट्यापाशी बसला व्हता."

हा कामगार त्याच वस्तीतला. तिशीच्या आतबाहेरचा, लग्न झालेला, चार वर्षांपासून नगरपालिकेत हंगामी. त्याला बोलावलं. दोन दिवस सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवायचो. आवाज चढवला, टेबलावर मूठ आपटली. त्याचं उत्तर एकच.

"मला काय माहीत न्हाई साहेब."

"पाना घेऊन तिथे काय करत होतास?"

"माहीत न्हाई."

गुन्हेगार खोटं बोलतो, थापा मारतो, दुसऱ्याचं नाव घेतो. हा काहीच करत नव्हता. फक्त एकदा त्याने मान वर करून विचारलं, "साहेब, कचेरीला लेखी कळवणार का? पुढच्या महिन्यात मला कायम करायलेत."

त्याची काकी दोन्ही दिवस डबा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यापुढे हात जोडले. "आमची काय तक्रार न्हाई साहेब. सोडा त्याला."

मी भडकलो. "तुमच्याच वस्तीचा नळ गेला, रेल्वे फाटकापलीकडच्या विहिरीवरून पाणी वाहता, आणि तुमची तक्रार नाही?"

"सवय हाय आमाला," ती म्हणाली आणि डबा ठेवून गेली. असे लोक असल्यावर सरकारने सुधारणा कराव्यात तरी कशा, असं मी त्या दिवशी जमादारांना ऐकवलं. त्यांनी नुसतं स्टेशन डायरी पुढे ओढून लिहायला घेतलं. ते माझ्यापेक्षा शहाणे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजारपेठेतल्या नळाचं उद्घाटन. पुन्हा भोंगा, पुन्हा बंदोबस्त. पाहुणे आले, नारळ फुटला, बायकांनी तोटीला हळदकुंकू वाहिलं, टाळ्या झाल्या. नारळाचं पाणी माझ्या हातावर उडालं होतं म्हणून गर्दी पांगल्यावर हात धुवायला वाकलो. तोटीच्या मानेखाली, कुंकवाला लागूनच, निळ्या रंगाचा वाळलेला ओघळ होता.

मी ओव्हरसियरला हाक मारली. "हा निळा रंग कशाचा?"

"कंपनीचा असेल साहेब."

"कंपनी ब्रशने ओघळ पाडून तोट्या पाठवते?"

त्याला तसाच वस्तीत नेलं, कट्ट्याशेजारी उभं केलं. रंग तोच. मग तो अगदी निवांतपणे बोलू लागला, आणि त्या निवांतपणाचाच मला जास्त राग आला.

"काय करावं साहेब? कट्टे दहा बांधले, तोट्या सहाच आल्या. फळ्यावर दहा पूर्ण लिहून झालेले. पाहुण्यांच्या तारखा ठरलेल्या. मग जिथलं उद्घाटन झालं तिथली काढायची आणि पुढं बसवायची. नवा माल आला की पुन्हा लावणारच होतो."

"याच वस्तीची का काढली?"

"इथं कुणी बोंब मारत न्हाई."

"आणि तो माणूस दोन दिवस माझ्या ठाण्यात बसला, तेव्हा तुमची वाचा गेली होती?"

"मी त्याला म्हणलो होतो, तोंड उघडलं तर कायम व्हायचं विसर. पण चोरी कसली साहेब? माल नगरपालिकेचा, काढला नगरपालिकेच्या माणसानं, बसवला नगरपालिकेनंच."

कायद्याने तो बरोबर होता, हे त्याहून संतापजनक. फिर्यादीनेच स्वतःचा माल उचललेला आणि फिर्यादीला त्याचा पत्ता नाही. मुख्याधिकारी हे ऐकून पांढरेफटक पडले. गैरसमजातून फिर्याद दिल्याचा त्यांचा जबाब घेतला आणि 'क' समरी मंजुरीसाठी पाठवली, म्हणजे चोरी झालीच नाही असं कागदावर लिहून प्रकरण संपवलं. तोटी मात्र त्याच दुपारी जागेवर परत बसली पाहिजे, असं मी बजावलं.

बसवायला तोच कामगार आला. वस्ती गोळा झाली होती. त्याने गुट्टा काढला, तोटी आवळली आणि पाना हातात तसाच धरून उभा राहिला.

"काकी, तोटी मीच काढली व्हती," तो म्हणाला.

"ठावं हाय," काकी म्हणाली. "त्याच दिवशी समद्यांना ठावं झालं. तुझ्या बायकोनं बघितलं ना."

मी पुढे झालो. "अहो, मग ठाण्यात का नाही बोललात?"

ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "कसं बोलावं साहेब? आमच्या वस्तीतलं कुणी अजून कचेरीत कायम न्हाई. हा पहिला झाला असता. महिनाभर पाणी वाहायचं आमी ठरवलं व्हतं. एक महिना काय, सहा महिने वाहिलं असतं. तुमी मधी आलात."

पुढच्या महिन्यात ओव्हरसियरला लेखी समज मिळाली. नोकरीत तो होता तिथेच राहिला. त्या कामगाराचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीतून गळलं. कारण दिलं, 'पोलीस चौकशी झालेली.' मी मुख्याधिकाऱ्यांकडे तीनदा गेलो, तो निर्दोष असल्याचं लिहून दिलं. ते म्हणाले, कागद वर गेलाय. माझी बदली झाली तोवर तो हंगामीच होता.

तपास म्हणजे खरं शोधून काढणं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी ते शोधून काढलं. पण ती माणसं गप्प का आहेत, हे मी एकदाही नीट विचारलं नाही, नुसता ओरडलो. चार साध्या शब्दांत विचारलं असतं तर कदाचित तोटीही परत आली असती आणि त्याचं नावही यादीत राहिलं असतं. पुढे ठाण्यात कुणी गप्प बसलं की मी टेबलावर मूठ आपटली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसलो. पण त्याचा त्या माणसाला काही उपयोग झाला नाही.