बोल्ड ओव्हर

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हे ऐकताना एकाच्या शर्टावर सांडलाय.

जयसिंगपूरला माझी थोरली बहीण असते, अक्का. तिच्या पल्लवीला बघायला मलकापूरचे पाहुणे आलेले. मुलगा पुण्यात इंजिनियर. मध्यस्थ मी, म्हणजे मामा. घरात इंग्रजीचा जाणकारही मीच, कारण वीस वर्षं मी पेठेतल्या क्रिकेट मॅचना अंपायर म्हणून उभा राहिलोय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा इंग्रजीत मेसेज आला. 'बोल्ड ओव्हर बाय पल्लवी. आई-बाबा टू.'

आता तुम्हीच सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? बोल्ड म्हणजे दांडी गुल. ओव्हर म्हणजे संपलं. आई-बाबा टू, म्हणजे तेही आऊट. एका बॉलवर तीन विकेट! फक्त पल्लवीनं असं काय केलं, तेवढं कळेना.

अक्काच्या घरी जाऊन सांगितलं, मोडलं. दाजी जेवता जेवता ताटावरून उठले. अक्काला लगेच कारण सापडलं. पल्लवीनं मुलाला विचारलं होतं, भाकरी थापता येते का.

"तवाच म्या डोळं वटारलं हुतं," अक्का म्हणाली आणि रडायला बसली.

बहिणीच्या डोळ्यांत पाणी बघून माझं टाळकं फिरलं. मुलाला मेसेज टाकला, 'आमच्या पोरीला पन्नास स्थळं हायत. परत फोन करू नका.' खरी स्थळं दोन, त्यातल्या एकाचं गेल्याच महिन्यात लग्न झालेलं.

संध्याकाळी पल्लवी बँकेतून आली. मुलाचा मेसेज वाचला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. मी पाठीवर हात ठेवला, तर पोरगी हसत होती.

"मामा, त्याला मी लई आवडलीय. आईवडिलांनाबी. ह्येचा अर्थ त्यो हाय. तुमी काय उत्तर दिलं?"

मी फोन खिशात घातला. तो खिशातच वाजला. मुलाचे वडील.

"पावणं, पन्नास स्थळं हायत म्हणं तुमच्याकडं?"

"व्हय... म्हंजे न्हाय..."

"मग आमाला थांबून चालायचं न्हाय. येत्या रविवारीच सुपारी फोडू की."

लग्न झालं. जावई स्टेजवर पल्लवीबद्दल चार वाक्यं इंग्रजीत बोलला, सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. मी आधी पल्लवीकडं बघितलं. तिनं मान हलवली, मगच वाजवल्या.