पोरं टेकडीवर, जावई खोलात

रेखाचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "आत्या, सकाळपासून टीव्हीवर भूकंपाचं दाखवताहेत. रशियाच्या टोकाला, समुद्रात... आणि आईचा फोन आला नाही." दुसऱ्या कुठल्या घरात या बोलण्याचा अर्थ लागला नसता. आमच्या घरात तो लगेच लागला. गाळणी ओट्यावर तशीच टाकून मी चपला घातल्या. हुबळीच्या नवनगरात कमलवहिनींचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवशी वाट संपता संपेना. दार नुसतं लोटलेलं होतं. टीव्ही चालू होता, त्यात कुठल्याशा देशातली माणसं लेकरं काखोटीला मारून उंचावर धावत होती. वहिनी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर परात, परातीत ज्वारीचं पीठ, मांडीवर फोन. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, त्रास झाला नसेल. मला ते अजून पटत नाही. फोन हातात घेतला होता आणि तो लावायचा राहिला, याचा त्रास त्यांना नक्की झाला असणार.

वहिनी म्हणजे रेखाची आई, माझ्या थोरल्या भावाची बायको; दादा आधीच गेला. माहेर अळणावरजवळच्या खेड्यातलं, लग्नानंतर सगळा जन्म हुबळीत. लेकीचं लग्न होईपर्यंत त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. जावई प्रकाश कारवारकडचा, मच्छीमाराचा मुलगा. तारिहाळच्या कारखान्यात दादाच्या हाताखाली कामाला लागला, घरी जेवायला येऊ लागला, आणि रेखाशी त्याचं जुळलं. मग एक दिवस यंत्रांचा कंटाळा आला म्हणून तो परत वडिलांच्या बोटीवर गेला आणि रेखालाही घेऊन गेला. वहिनींनी जातीवरून किंवा भाषेवरून चकार शब्द काढला नाही. त्यांची हरकत एकच होती, पाण्याचा काय भरवसा. मी चिडवायचे, मग ट्रक ड्रायव्हरला द्यायची होती, आपल्या हायवेचा फार भरवसा आहे ना! त्या हसायच्या, पण अर्धवटच.

तेव्हापासून जगात कुठेही समुद्राखाली जमीन हलली की वहिनींचे दोन उद्योग ठरलेले. आधी रेखाला फोन, मग कडक भाकरी. आमच्या भागात ही भाकरी घरोघर असते. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर फडक्यानं दाबत पापडासारखी कडक करायची. महिना-दीड महिना टिकते, खायला पेटती चूल लागत नाही. समुद्र फिरला तर लेकीच्या घरात आधी चूल विझणार, हे वहिनींनी मनाशी पक्कं धरलं होतं. चवड झाली की फडक्यात बांधून, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, कारवारच्या बसनं पार्सल. जपान हलला तरी पार्सल, चिली हलला तरी पार्सल. एकदा मी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं की वहिनी, तिकडची लाट इकडे येत नाही हो, मध्ये केवढी जमीन आहे बघा. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "निळं सगळं जोडलेलंच हाय की गं, शालू."

पण एक वेळ अशी आली की माझं हसणं बंद झालं. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. इंडोनेशियाच्या बाजूला मोठा भूकंप झाला आणि आपल्या किनाऱ्यालाही इशारा दिल्याच्या लाल पट्ट्या कन्नड वाहिन्यांवर फिरू लागल्या. प्रकाश वडिलांबरोबर बोटीवर होता. वहिनींनी रेखाला सांगितलं, आधी जावयाला काठावर बोलावून घे. आम्ही माळावरची माणसं. आमच्या लेखी पाणी म्हणजे धोका आणि जमीन म्हणजे सुटका. शेजारी बसून मीही मान डोलावली. रेखानं रडत नवऱ्याला फोन केला आणि त्यानं बोट वळवलीसुद्धा. पण त्याच्या वडिलांनी सुकाणू हातातून काढून घेतलं. मच्छीमारांच्या बैठकीत त्यांना सांगितलेलं होतं की खोल पाण्यात अशी लाट बोटीखालून निघून जाते, कळतही नाही. ती उठते ती काठाजवळ. त्यांनी बोट आणखी आत नेली आणि फोन लागायचा बंद झाला. तो सबंध दिवस वहिनी भाकरी थापत राहिल्या. पीठ संपलं तर माझ्याकडून मागवलं. मी काही बोलायला गेले की हात वर करून थांबवायच्या, जणू माझ्या आवाजात फोनची घंटी बुडून गेली असती...

दुपारी तिकडे खाडीतलं पाणी भरतीची वेळ नसताना चढलं, झरझर उतरलं, पुन्हा चढलं. माणूस कुणी गेलं नाही. पण धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या, आणि प्रकाश परतला असता तर त्यांच्यातच असता. संध्याकाळी तो सुखरूप आल्याचा फोन आला. रेखानं आईला सगळं सांगितलं. वहिनींनी फोन खाली ठेवला, पिठाचे हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मी त्याला मरायला बोलावलं गं. आईच्या मायेनं बोलावलं." मी त्यांना जवळ घेतलं.

खरी उपासमार त्यानंतर सुरू झाली. कुणीतरी उठवून दिलं की लाटेत वाहून गेलेल्या माणसांना मासे खातात, तेव्हा मासळी खाऊ नका. कुठला तो देश, कुठले हे मासे! पण हुबळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुर्गदबैलच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसणाऱ्या बायका पाट्या झाकून दिवसभर नुसत्या बसून राहिल्या. तिकडे रेखाच्या गावात बोटी पुन्हा निघाल्या, जाळी भरून आली, आणि घ्यायला गाडी येईना. घरात मासे आहेत आणि तांदूळ नाही, असं रेखा फोनवर म्हणाली. तेव्हा वहिनींनी पाटीभर सुके बोंबील विकत आणले आणि खिडक्या सताड उघड्या टाकून तव्यावर भाजायला घेतले. समोरच्या शाकाहारी शेजारणीनं पदर नाकाला लावून हाक मारली, "कमलअक्का, खिडकी लावा की वो!" वहिनी म्हणाल्या, आज नाही लावणार. मग गल्लीतल्या मासळी खाणाऱ्या सगळ्यांना बोलावून, त्यांच्यादेखत आधी स्वतः खाल्लं आणि मग त्यांना वाढलं. चार घरांनी तरी पुन्हा मासळी आणायला सुरुवात केली. रेखाच्या सासरी मात्र ते दिवस आमच्या कडक भाकरीवरच निघाले.

बोट वळवली त्या दिवसापासून वहिनींच्या तोंडी एकच वाक्य बसलं, "पोरं टेकडीवर, जावई खोलात." भूकंपाची बातमी आली की रेखाला त्या एवढंच सांगायच्या. लोकांना ते शहाणपण वाटायचं. मला त्यातला त्रास दिसायचा. पूर्वी त्यांना एकच भीती होती आणि एकच मागणं होतं, की सगळे एका जागी असावेत. आता त्यांना स्वतःच्या तोंडानं त्या कुटुंबाची दोन टोकांना वाटणी करावी लागे, लेक आणि नातवंडं उंचावर, जावई दूर पाण्यात. फोन ठेवला की त्या परात पुढे ओढायच्या.

वहिनींच्या पुण्यानुमोदनाला रेखा आली. वहिनींचा भाकरीचा पत्र्याचा डबा मी तिच्यापुढे केला, घेऊन जा म्हटलं. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि पुन्हा लावलं. "इथंच असू दे, आत्या. भाकरी इथूनच आलेली बरी." डबा अजून वहिनींच्याच ओट्यावर आहे. घराची किल्ली माझ्याकडे असते.

परवा पुन्हा कुठल्याशा दूरच्या समुद्रात भूकंप झाला. मी बातमी पाहिली आणि टीव्ही बंद केला. म्हटलं, उगाच पोरीला कशाला घाबरवायचं. नकाशा मला ठाऊक आहे... दुपारी तिचाच फोन आला.

"आत्या, टीव्ही बघितलास?"

"बघितला. तिकडे काही झालं का गं?"

"नाही, काही नाही." मग ती म्हणाली, "पण कुणी विचारलंच नाही."

मी विचारलं, पोरं कुठं आहेत? म्हणाली, शाळेत. त्यांची शाळा टेकडीवरच आहे. आणि जावई? म्हणाली, खोलात.

संध्याकाळी किल्ली घेऊन वहिनींच्या घरी गेले. डब्यात थोड्याशा भाकरी उरल्या होत्या, त्याही तुटक्या. मला भाकरी कधीच धड जमली नाही, वहिनी त्यावरून जन्मभर हसल्या. परात घेतली, पीठ चाळलं. पहिली भाकरी तव्यावर जाण्याआधीच फाटली. दुसरी थापायला घेतली.