व्हिडिओतलं बोलणं

गेल्या मार्चमध्ये श्रीकांत गेला.

आज त्याच्या दुर्बिणीवरची चादर काढली आणि मेणाचा वास आला. नळी हाताने अलगद फिरावी म्हणून माझा नवरा तिच्या बैठकीला मेणबत्ती घासायचा. त्या वासाने भिंगारच्या आमच्या गच्चीवरची एक जुनी संध्याकाळ समोर आली. अवकाश स्थानक डोक्यावरून जाणार होतं. दुर्बिणीला मोबाईल बांधून श्रीकांत त्याचा व्हिडिओ घेत होता.

“सापडलं! अगं, पंख बघ त्याचे!”

“कुठले पंख? मला तर काजवा दिसतोय.”

“आधी चष्मा पूस, बाईसाहेब. आणि नळीला धक्का नको!”

मी हसत राहिले, तोवर स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरून दिसेनासं झालं.

मग कित्येक दिवस तो व्हिडिओतली स्पष्ट चित्रं निवडत बसला. ती एकावर एक बसवून त्याने एक फोटो तयार केला आणि मूळ व्हिडिओ पुसून टाकला.

“नुसता हलतोय, शिवाय आपली बडबड,” तो म्हणाला. मलाही तेव्हा पटलं. आज मला ती बडबडच ऐकायची आहे.

फोटोत स्थानकाचे पंख, म्हणजे त्याचे सौरपट्टे, स्पष्ट दिसतात. आमचं बोलणं कुठेच नाही.