उल्काच्या घड्या

पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या उल्काचं चुरगळलेली चादर दिसली की डोकं फिरायचं. इलॅस्टिकच्या चादरीचे कोपरे एकमेकांत खोचून ती अशी चापूनचोपून घडी घालायची, की परटानं तोंडात बोटं घालावीत. मग चादर आणि पांघरूण त्यांच्याच जोडीच्या उशीच्या अभ्र्यात सारून तो गठ्ठा कपाटात रचायचा. नवरा रवींद्र चादरींचा बोळा करतो, म्हणून त्याला कपाटाला हात लावायची बंदीच होती.

साताऱ्याहून रवींद्रचे मामा राहायला आले. पाया लेबारच्या ऑफिसला पळता पळता उल्कानं त्यातला एक गठ्ठा त्यांच्या गादीवर ठेवला. "मामा, तुमचं अंथरूण ठेवलंय हं!" घाईत उशी द्यायची मात्र राहून गेली.

चार दिवसांनी निघताना मामा म्हणाले, "सूनबाई, घर कसं आरशासारखं ठेवलंयस! उशी तेवढी जरा कडक होती."

उल्का खोलीत धावली. उघड्या गादीवर, उशाशी, तो गठ्ठा जसाच्या तसा होता. आतली एक घडी मोडली नव्हती.

"अहो मामा, चादरीशिवाय झोपलात? मागायची नाही का!"

"तुझी शिस्त बघितली ना," मामा म्हणाले, "वाटलं, चुरगळतात म्हणून तुमच्याकडे चादरी घालतच नसतील."