ठकूबाईच्या फळीचा ब्रेक

पिंपरी पेंढारच्या ठकूबाईचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं लुळे पडले होते. खाली चाकांसारखी चार बेअरिंग ठोकलेल्या लांब फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत, ती रोज दुपारी वस्तीवरून फाट्यावरच्या टपरीत शिवणकामाला जायची. वाटेत एक लांब उतार होता. तिथं फळी रोखायला ती हातांत चपला घालायची, तरी तळवे सोलून निघायचे. मग सुई धरवत नसे.

सत्त्याण्णव साली ती सायकल दुरुस्तीवाल्या गेणभाऊला म्हणाली, "भाऊ, मला ब्रेक पायजे. माज्या हातात ऱ्हाईल असा."

गेणभाऊनं मागच्या एका चाकाला ब्रेकचं रबर लावलं. दाबताच फळी गर्रकन फिरली आणि ठकूबाई बाभळीत जाऊन पडली. काटे काढता काढता तीच म्हणाली, "दोनी चाकं बरोबर धराय पायजेत." तिनं खडूनं कापडावर आखून दाखवलं. आडवी पट्टी, दोन्ही टोकांना टायरचे तुकडे, मधून वायर, आणि दांडी उजव्या हाताशी.

हा ब्रेक लागला. ती पहिल्यांदाच उताराच्या मधोमध थांबली. फळीची खरखर बंद झाली. मागून मात्र तशीच खरखर आली आणि क्षणभर उशिरानं थांबली.

तिनं वळून पाहिलं. उन्हात तळपणारा मोकळा रस्ता.

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ सोबत चालला. त्यालाही ऐकू आलं. "तू ह्या वाटंनं येऊ नको," तो हळूच म्हणाला.

"दुसरी वाट कुठंय, भाऊ? ढेकळांतनं फळी चालती का?"

आवाज रोज थोडा जवळ येत गेला. आठव्या दिवशी तिनं ब्रेक दाबला, तरी मागची खरखर थांबली नाही. ठकूबाईनं घाईनं फळी कडेच्या मुरमात ओढली.

"जा म्होरं," ती म्हणाली. "माज्याकडं ब्रेक हाय."

खरखर तिच्या खांद्याला लागून पुढं गेली. गालाला गार हवा लागली. उतारावर आवाजाचा वेग वाढतच गेला, आणि उताराच्या तळाशी, रस्त्याखालच्या मोरीपाशी तो एकाएकी तुटला. आपटल्याचा, पडल्याचा आवाज नाही. काहीच नाही.

अंगावरचा घाम सुकेपर्यंत ती तिथंच बसली. मग ब्रेक अर्धा धरून खाली उतरली आणि संध्याकाळपर्यंत दोन झबली शिवली.

पुन्हा ते कधी ऐकू आलं नाही. निरगुडसरच्या एका बाईला तिनं अशीच फळी करवून दिली. ब्रेक आधी बसवायला लावला. दोन हजार चारला तिला तीनचाकी सायकल मिळाली. त्या उतारावर मात्र ती कडेनंच उतरायची, मधला रस्ता मोकळा सोडून.